मंडळीला अख्खे शास्त्र ऐकू द्या : मराठी मंडळ्यांचे पाळक व वडीलजन यांस खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांचे पाळक, उपदेशक, वडीलजन आणि संडे स्कूलचे शिक्षक यांस

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

पुढील वर्षाचे कार्यक्रम ठरवण्यासाठी आपल्या मंडळ्यांच्या पास्टरेट कमिट्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्या) लवकरच बसतील. वॉचनाइटची म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीची उपासना, लेंटच्या म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील सभा, संडे स्कूलच्या परीक्षा, पाठांतराच्या स्पर्धा या सगळ्यांच्या तारखा मुक्रर होतील. त्या ठरण्यापूर्वी आपल्यापुढे एक विनंती ठेवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी मंडळीचा सामान्य सभासद आहे. बरीच वर्षे संडे स्कूलमध्ये शिकवले आहे आणि धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. परंतु पवित्र शास्त्र आपल्याला कशासाठी दिले आहे, हा प्रश्न केवळ सेमिनरीत शिकलेल्यांचा नाही. बाकावर बसून ते ऐकणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे, आणि आपण ठरवत असलेल्या कार्यक्रमांतून त्याचे काहीतरी उत्तर दर वर्षी दिले जातच असते.

प्रेषित पौलाने हे उत्तर आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहून ठेवले आहे. तो तुरुंगात आहे, आपला शेवट जवळ आल्याचे त्याला कळले आहे, आणि ज्या तरुणावर मंडळीचा भार टाकायचा त्याला तो आठवण करून देतो की, बालपणापासून तुला ठाऊक असलेले हे शास्त्र ख्रिस्त येशूवरील विश्वासाच्या द्वारे तारणाचे ज्ञान देण्यास समर्थ आहे. त्याच पत्राच्या आरंभी त्याने तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढली आहे. म्हणजे हे शास्त्र त्याला घरातल्या बायकांच्या तोंडून मिळाले असावे, असे मानण्यास हरकत नाही. पुढे पौल त्याचे चार उपयोग सांगतो : शिकवणे, दोष दाखवणे, सुधारणे आणि नीतीने वागण्याचे वळण लावणे. हे सर्व कशासाठी, तर देवाचा माणूस प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज व्हावा यासाठी. या चारांपैकी दोन उपयोग ऐकणाऱ्याला सुखावणारे नाहीत. दोष दाखवणारे आणि सुधारणारे वचन कोणी हौसेने निवडत नाही. म्हणूनच वचनांची निवड आपल्या आवडीवर सोडली की शास्त्राचे अर्धे काम तिथेच थांबते.

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या पुष्कळ मंडळ्यांत काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. वेदीजवळच्या टेबलावर स्टीलचे मोठे ताट ठेवलेले असते, त्यात रंगीत कागदाच्या गुंडाळ्या असतात, प्रत्येकीला बारीक दोरा बांधलेला. बारा वाजून गेल्यावर एकेक कुटुंब पुढे येते, घरातले कोणीतरी डोळे मिटून एक चिठ्ठी उचलते आणि त्या घराला ‘वर्षाचे वचन’ मिळते. ती चिठ्ठी कॅलेंडरला टाचली जाते, पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरते. हे करणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या ताटातल्या चिठ्ठ्यांत ‘गरिबांची शेते बळकावू नका’ अशा अर्थाचे संदेष्ट्यांचे एकही वचन नसते. पश्चात्तापाचे नसते, वैऱ्यावर प्रीती करण्याचे नसते. समृद्धी, आरोग्य, रक्षण आणि विजय एवढ्यांचीच निवड आधीच झालेली असते.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील एकोणतिसाव्या अध्यायातले वचन या ताटात हमखास असते : तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे ते आहेत. हे एका पत्रातले वाक्य आहे. यरुशलेमेतून बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवले. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की, दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचे जोखड मोडेल आणि नेलेले सगळे लोक परत येतील. लोकांना ऐकायचे होते तेच तो बोलला. यिर्मयाने त्याला खोटे ठरवले आणि लोकांना लिहिले की, घरे बांधा व त्यांत राहा, मळे लावा व त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा, कारण सत्तर वर्षे भरल्यावाचून परत येणे नाही. त्यानंतर ते आशेचे वाक्य येते. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतील बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. आशा खरी होती, पण ती त्यांच्या नातवंडांच्या पदरात पडायची होती, आणि तोवर परक्या, शत्रूच्या शहराचे भले चिंतण्याचे काम त्यांच्यावर सोपवले होते.

हे पत्र मंडळीत अख्खे वाचले तर आपल्या लोकांना त्यात काय काय सापडेल याचा विचार करावा. गाव सोडून पुण्या-मुंबईत आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना ‘या शहराचे हित साधा’ ही आज्ञा ऐकू येईल. पिढ्यान्‌पिढ्या धीर धरणाऱ्यांना आपण विसरले गेलो नाही हे कळेल. दोन वर्षांत सगळे ठीक करून देतो असे सांगणारा उपदेशक आला तर हनन्याची आठवण होईल. चिठ्ठीवर मात्र एकच वाक्य उरते, आणि ते नेमके हनन्याने दिलेल्या आशेसारखे वाचले जाते.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचेही तसेच झाले आहे. परमेश्वर तुला मस्तक करील, पुच्छ करणार नाही, हे वचन नव्या दुकानाच्या उद्‌घाटनाच्या प्रार्थनेत वारंवार ऐकू येते. त्याला असलेली आज्ञापालनाची अट, आणि त्याच अध्यायाचा पुढचा, कितीतरी लांब असा शापांचा भाग आपण वाचत नाही. त्याच ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात गहाण ठेवून घेतलेले गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची, मजुराची मजुरी त्याच दिवशी देण्याची आणि शेतात विसरलेली पेंढी परक्यासाठी, पोरक्यासाठी व विधवेसाठी राहू देण्याची आज्ञा आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे दुसऱ्याच्या शेतात राबलेले आहेत. त्यांच्या नातवंडांना हा अध्याय ऐकण्याचा हक्क आहे.

एका आईविषयी सांगतो. तिचा मुलगा आजारी असताना वर्षारंभी तिच्या हाती निर्गम या ग्रंथातील आरोग्याच्या अभिवचनाची चिठ्ठी आली. मुलगा उन्हाळ्यात गेला. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत असे, “माझाच विश्वास कमी पडला का हो?” तिला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कोणी वाचून दाखवले नव्हते, कारण ते आमच्या मंडळीत कोणी कधी वाचतच नव्हते. त्या स्तोत्रात आळवणारा रात्रंदिवस देवाला हाक मारतो, तू तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, आणि स्तोत्र अंधारात संपते. उत्तर आल्याचा उल्लेख नाही, कृतज्ञतेची ओळ नाही. असे स्तोत्र शास्त्रात ठेवलेले आहे याचा अर्थच हा की, शोक करणाऱ्याला देवासमोर आपला शोक जसाच्या तसा मांडण्यासाठी शब्द दिले आहेत. बोधापेक्षा अशा वेळी या शब्दांची गरज अधिक असते. स्तोत्रसंहितेचा फार मोठा भाग विलापाचा आहे आणि चिठ्ठ्यांच्या ताटात तो जवळजवळ नसतोच.

एकटे वचन उचलून त्याच्या बळावर देवाकडे मागणी करण्याचा प्रसंग शुभवर्तमानांतही आहे. मंदिराच्या शिरोभागी उभ्या केलेल्या येशूला सैतान एक्याण्णवाव्या स्तोत्रातले वचन ऐकवतो : तुझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील. वचन खरे आहे, शब्दही बरोबर आहेत. येशू त्याला शास्त्रानेच उत्तर देतो, देवाची परीक्षा पाहू नको असा ‘अनुवाद’ ग्रंथातला लेख दाखवतो. एका वचनाचा तोल दुसऱ्या वचनाने सांभाळण्यासाठी दोन्ही माहीत असावी लागतात. ज्या सभासदाला ताटातली तीसचाळीस वचनेच ठाऊक आहेत, त्याने कोणत्या आधारावर उभे राहावे?

प्रेषितांच्या काळी तर वचनांना क्रमांकही नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराची आजची वचनसंख्या पॅरिसचा मुद्रक रोबेर एतियेन याने १५५१ मध्ये छापली. शोधण्याची सोय म्हणून ती उत्तम आहे. परंतु पौलाने कलस्सैकरांना लिहिले की, हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आरंभापासून शेवटपर्यंत वाचले जाणारे आणि एकत्र बसून ऐकले जाणारे पत्र होते.

शास्त्राची निवड करणाऱ्यांच्या हाती किती मोठी सत्ता असते याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजच्या बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भाग छापण्यात आले. त्यांतून मिसरच्या दास्यातून इस्राएल लोकांच्या सुटकेची कथा वगळली, जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला, आणि दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हा उपदेश मात्र ठेवला. ते छापणाऱ्यांनी एकही खोटे वाक्य घातले नव्हते. निवड पुरेशी झाली. आपण त्यांच्यासारखे आहोत असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या निवडीमागे लोकांना धीर देण्याची इच्छा आहे हे मी जाणतो. पण ज्या लोकांना शतकानुशतके ग्रंथ ऐकण्याची मनाई होती, त्यांच्या वंशजांना आपण शास्त्राचा एवढासाच भाग द्यावा, हे मला सहन होत नाही.

मग शास्त्र वाचायचे कसे, याचे चित्र शास्त्रातच आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात सगळे लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात आणि एज्रा शास्त्र्याला नियमशास्त्राचा ग्रंथ आणायला सांगतात. मागणी लोकांची आहे, हे ध्यानात घ्यावे. पुरुष, स्त्रिया आणि समजू शकणारी मुले यांच्यासमोर सकाळपासून दुपारपर्यंत वाचन चालते. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्या लोकांमध्ये फिरून अर्थ समजावून सांगतात. अर्थ कळल्यावर लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगण्यात येते की, आज शोक करू नका, जा, मिष्टान्न खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. वाचनाची सुरुवात चौकात होते आणि शेवट शेजाऱ्याच्या घरी अन्न पोहोचण्यात होतो. सुमारे १५५ साली रोमेत जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने मंडळीच्या रविवारचे वर्णन लिहिले, त्यातही हाच क्रम दिसतो : प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचतात, मग अध्यक्ष त्याप्रमाणे वागण्याचा बोध करतो, प्रार्थना व प्रभुभोजन होते, आणि जमलेल्या दानातून पोरकी, विधवा, आजारी, कैदी व परदेशी यांची काळजी घेतली जाते. प्राचीन मंडळीतील बिशप ऑगस्टीन याने तर कसोटीच घालून दिली की, देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती ज्यातून वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलेच नाही.

आपल्या भाषेतही अख्खी कथा ऐकवण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडहून गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी तिथल्या साष्टी भागातल्या ख्रिस्ती लोकांसाठी क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांत त्यांनी उत्पत्तीपासून आरंभ करून ख्रिस्तापर्यंतची कथा सलग सांगितली, कारण पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला सुट्या वाक्यांतून धर्म समजत नाही हे त्यांनी ओळखले होते. पिढ्यान्‌पिढ्या ते मोठ्याने वाचले गेले. पुढे अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांनी कीर्तनातून शास्त्रातील चरित्रे गावोगाव पोहोचवली. अक्षरओळख नसलेले श्रोतेही रात्री उशिरापर्यंत बसून ती ऐकत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साधारण शिकलेल्या बाईला ते स्वतः वाचता यावे हा त्यांचा हेतू होता, आणि मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच स्त्रिया होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकही पान न गाळता या बाईने आयुष्याची अखेरची वर्षे त्यात घातली. त्या कष्टांचे ऋण आपल्यावर आहे.

आता संडे स्कूलविषयी. पाठांतराला माझा विरोध नाही. तोंडपाठ असलेले स्तोत्र म्हातारपणी दृष्टी गेल्यावर सोबत करते, हे मी घरात पाहिले आहे. हरकत एवढीच आहे की, परीक्षेत पाठांतराखेरीज काही विचारलेच जात नाही. तेविसावे स्तोत्र एकही चूक न करता म्हणणाऱ्या एका मुलीला मी विचारले होते की, मेंढपाळाच्या हातात आकडी आणि काठी कशासाठी असते. तिने आधी माझ्याकडे, मग आपल्या बक्षिसाकडे पाहिले आणि म्हणाली, “ते पोर्शनमध्ये नव्हतं.” मुलगी हुशार होती. प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, एवढेच. यशया वाचत रथातून चाललेल्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला सुवार्तिक फिलिप्पाने प्रथम हेच विचारले की, आपण वाचता ते आपल्याला समजते काय, आणि त्याने मोकळेपणाने उत्तर दिले की, कोणी दाखवून दिल्यावाचून कसे समजणार. आपल्या मुलांना असे उत्तर देण्याची मुभा असावी आणि त्यानंतर त्यांच्या शेजारी बसणारा कोणी असावा.

यावर आक्षेप येतील. अख्खे शास्त्र वाचायचे तर त्यातले कठीण भागही येतील, युद्धांचे, संहाराचे, स्त्रियांवरील अत्याचारांचे. ते येऊ द्यावेत. आपली तरुण मुले ते मोबाइलवर वाचतातच आणि त्यांचे प्रश्न मंडळीबाहेरच्या कोणालातरी विचारतात. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू शास्त्र शोधणाऱ्यांना म्हणतो की, तुम्ही त्यात सार्वकालिक जीवन आहे असे मानता, आणि तेच माझ्याविषयी साक्ष देते, तरी तुम्ही माझ्याकडे येत नाही. वधस्तंभावर शत्रूंसाठी क्षमा मागणाऱ्या ख्रिस्ताकडे नेणे हे शास्त्राचे मुख्य काम असेल, तर प्रत्येक कठीण पान त्याच्यासमोर ठेवूनच वाचावे लागेल. ते कष्टाचे आहे आणि पाळकांकडून मंडळीला तेच हवे आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. जाहिराती (मंडळीच्या सूचना), सत्कार आणि वाढदिवसांच्या यादीला आपण जो वेळ देतो, त्यातला काही भाग वाचनाला सहज मिळू शकेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे. या वर्षी वॉचनाइटला चिठ्ठ्यांचे ताट ठेवू नये. त्याऐवजी यिर्मयाचे ते पत्र किंवा एखादे संपूर्ण स्तोत्र सर्वांनी मिळून वाचावे. दर रविवारी जुन्या करारातील एक आणि नव्या करारातील एक असे दोन पूर्ण उतारे वाचले जावेत, आणि उपदेश त्यांपैकी एकावर व्हावा. कॅथलिक बांधवांकडे तीन वर्षांच्या चक्राने वाचने ठरलेली आहेत आणि आपल्याही कित्येक मंडळ्यांकडे वाचनसूची असते, पण ती कपाटात राहते. संडे स्कूलच्या परीक्षेत निम्मे गुण अर्थ सांगण्यासाठी ठेवावेत, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत.

आणि लेंटमधल्या एका शनिवारी संध्याकाळी मार्काचे शुभवर्तमान सलग वाचावे. सोळा अध्यायांना दीड-दोन तास लागतात. आठ वाचक पुरतात, त्यांत शाळकरी मुलगी असावी, निवृत्त शिक्षक असावा, कधीच पुढे न येणारा एखादा सभासदही असावा. वाचकांनी आदल्या आठवड्यात एकदा मोठ्याने सराव करावा, माइक आधी तपासून ठेवावा, आणि डोळ्यांमुळे किंवा अक्षरओळख नसल्यामुळे ज्यांना स्वतः वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुढचे बाक राखून ठेवावेत. वाचनानंतर चहा घेताना लोक काय विचारतात ते वडीलजनांनी लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या महिन्यातील उपदेशांचे विषय त्यातून निघतील. वाचकांची तयारी करून घेण्याची जबाबदारी, आपण सांगाल तर, मी घेईन.

आपल्या कमिटीच्या पुढील सभेत या विनंतीवर चर्चा व्हावी आणि जो निर्णय होईल तो मंडळीला कळवावा.

प्रभूच्या सेवेत आपला नम्र,
मराठी मंडळीचा एक सभासद